फोन फुकट, खोली कुठाय?

(वस्तीतल्या बुद्धविहारात, नववी ते बारावीची पोरं-पोरी आणि त्यांचे आईबाप यांच्यासमोर केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलंय.)



मला बोलावलं तेव्हा सांगितलं, कविता वाच. मी म्हणलं, कविता पुढच्या वेळी. आज मनाच्या दवाखान्यावर बोलायचंय. तर दोघं-तिघं हसले. एक म्हणला, "गोदीत डोक्यावर गोणी पडली काय रे?"

हसा. मी पण हसायचो. मी दहावी पास, गोदीत कंत्राटावर. टोळीत काम करतो, माल उतरवतो. दोन वर्षांपूर्वी कुणी येऊन सांगितलं असतं की तुझ्या भावाला समुपदेशन पाहिजे, तर मी विचारलं असतं, ते कशाशी खातात? माझं मत पक्कं होतं. मन-बिन हे पोट भरलेल्यांचे चोचले. आपल्यात माणसाला ताप येतो, टीबी होतो, दारू लागते. डिप्रेशन होत नाही. ते लिफ्ट असलेल्या बिल्डिंगीत होतं.

आमच्या टोळीत एक म्हातारा आहे. रोज रात्री पितो. का पितो? झोप लागत नाही म्हणून. तीस वर्षं ज्या माणसाला झोप लागत नाही, त्याला आम्ही काय म्हणतो? बेवडा म्हणतो. आजारी कुणी म्हणलं नाही. मीही नाही. आणि मी स्वतःला कवी म्हणवतो.

आता भावाचं सांगतो. त्याला विचारून सांगतोय. त्यानं एकच अट घातली, शाळेचं नाव घ्यायचं नाही. दहावीचं वर्ष त्याला तिथंच काढायचंय. म्हणून नाव घेत नाही.

तो नववीत होता. वर्गात एक सर शिष्यवृत्तीची यादी मोठ्यानं वाचायचे. जातीच्या दाखल्यासकट. "ज्यांचं सरकारकडून फुकट येतं, त्यांनी उभं राहा." सहा पोरं उभी राहायची. बाकीचा वर्ग बघायचा. गणितात कमी मार्क पडले की, "तुम्हाला कशाला पाहिजेत मार्क?" रोज नाही. आठवड्यातून एकदा, दोनदा. पण पोरगं आठवडाभर त्या एका दिवसाची वाट बघत जगायचं.

आधी त्यानं डबा खाणं सोडलं. मग दर सोमवारी पोट दुखायला लागलं. आईनं ओवा दिला, सोडा दिला. मग एक दिवस टोळीतला दोस्त म्हणला, "तुझा भाऊ शिवडीला खाडीवर बसलेला असतो. दप्तर घेऊन. दोनदा बघितला."

मी घरी गेलो आणि त्याला मारलं. हे सांगायला लाज वाटते, म्हणूनच सांगतो. मी गोणी उचलतो, तू शाळा बुडवतोस, असं म्हणत मारलं. तो रडला नाही. मार खाऊन झाल्यावर म्हणला, "दादा, मी नसलेलाच बरा."

मित्रांनो, मी वजनं उचलणारा माणूस आहे. पण त्या एका वाक्याचं वजन मला उचललं नाही.

त्याच्या शाळेत एक योजना आली होती. बाहेरच्या एका संस्थेची, शाळेमार्फत. विद्यार्थ्यांसाठी फुकट, ऑनलाइन, घरबसल्या समुपदेशन. मी म्हणलं, बघू. फॉर्म व्हॉट्सअॅपवर आला, सगळा इंग्रजीत. विहारात अभ्यासाला बसणाऱ्या एका पोरीकडून वाचून घेतला. त्यात लिहिलं होतं, कॅमेऱ्याचा फोन पाहिजे, चांगलं नेटवर्क पाहिजे आणि शांत, खासगी जागा पाहिजे.

शांत, खासगी जागा! आमची खोली दहा बाय बारा. माणसं सहा. शेजारचा टीव्ही आमच्या भिंतीतून बोलतो. आमच्याकडं आजवर मेलेल्या माणसालाही खासगी जागा मिळालेली नाही, जिवंताला कुठनं आणू?

चांगला फोन घरात एकच, तो माझा. तो माझ्याबरोबर गोदीत जातो. वेळ मिळाली दुपारी चारची. म्हणजे मी पाळी बुडवली. फुकटच्या फोनला माझी एक हजेरी गेली. पोरगं माळ्यावर चढलं, ट्रंकांच्या मध्ये अंग चोरून बसलं. आई दारात बसली, पोरंटोरं आत येऊ नयेत म्हणून. मी खाली उभा. सगळं ऐकू येत होतं.

पडद्यावरची बाई दुसऱ्या शहरातली. वाईट नव्हती. हिंदीत बोलत होती, मधेच इंग्रजीत. दीर्घ श्वास घे म्हणाली. रोज पाच चांगल्या गोष्टी वहीत लिही म्हणाली. भाऊ म्हणला, "मॅडम, सर यादी पढते है." ती म्हणाली, "उसपे ध्यान मत दो." नेटवर्क दोनदा गेलं. वीस मिनिटांत संपलं.

चौथ्या दिवशी तेच सर वर्गात म्हणले, "काय रे, डॉक्टरणीकडं तक्रार केलीस का माझी?" बोलणं कसं कुठनं फिरलं, कुणी कुणाला सांगितलं, आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. पण पोरगं त्या दिवसापासून तीन आठवडे घरातही बोललं नाही.

इथं थांबलो असतो तर मी आज वेगळं भाषण केलं असतं. म्हणलो असतो, बघा, सगळी भंकस, गोड बोलून गप्प करायचा धंदा. टाळ्या पडल्या असत्या. पण गोष्ट तिथं संपली नाही.

फॉर्म वाचून देणाऱ्या त्याच पोरीनं एक नंबर दिला. १४४१६. टेलि-मानस. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो. रात्री साडेअकराला भाऊ जिन्यावर बसला आणि त्यानं फोन लावला. मराठी निवडलं. समोरच्या बाईनं आधी विचारलं, "आत्ता एकटा आहेस का? सोबत कोण आहे?" मग विचारलं, काय झालं, किती दिवस झाले. तो बोलत राहिला. मी दोन पायऱ्या खाली बसलो होतो. मला माझ्या भावाबद्दल जेवढं माहीत नव्हतं, तेवढं मी त्या रात्री ऐकलं.

शेवटी त्यानं विचारलं, "माझ्या डोक्यात काय बिघाड आहे का?" बाई म्हणाली, "तुला त्रास होतोय, तो खरा आहे आणि त्याच्यावर उपाय आहे. पण वर्गात जे चाललंय ते चूक आहे, आणि ती चूक तुझी नाही." मग तिनं सरकारी हॉस्पिटलात कुठल्या ओपीडीला जायचं ते सांगितलं. आम्ही गेलो. पुढं तो काही महिने जात राहिला.

आणि आम्ही दुसरं काम केलं. त्या सहा पोरांपैकी चौघांचे आईबाप एकत्र केले आणि हेडमास्तरांकडं गेलो. ओरडलो नाही. लेखी दिलं. पोच घेतली. यादी वाचणं बंद झालं.

भाऊ बरा झाला असं मी म्हणणार नाही. सोमवारी अजून कधीकधी पोट दुखतं. पण जातो. डबा खातो. परवा माझ्या कवितेतली शुद्धलेखनाची चूक काढली.

आता यातून मला काय कळलं ते सांगतो.

गोदीत माल उचलायची साखळी असते, वायर असते, हूक असतो. त्यांची ठरल्या वेळी चाचणी करायची आणि नोंद ठेवायची असा नियम आहे. का आहे? वायर तुटून माणूस पडला तर त्याला पट्टी बांधावीच लागते. पण पट्टी बांधून तीच वायर परत लावली, तर उद्या दुसरा पडेल. शाळेत पोरगं पडलं की सगळे पोराकडं बघतात. याचं मन कमजोर, याला ताण झेपत नाही, याला श्वास घ्यायला शिकवा. वायर कुणी बघत नाही.

पण उलटंही खरं आहे. वायरीवर भाषण ठोकत बसलं आणि पडलेल्याला पट्टीच बांधली नाही, तर तो तिथंच मरतो. हे आपल्या लोकांना सांगतोय. आपण चळवळीतली माणसं वायरीवर छान बोलतो. पडलेल्याजवळ बसत नाही.

आकडे देतो, कारण आकड्याशिवाय साहेब लोक ऐकत नाहीत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांत ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. म्हणजे साठ पोरांच्या वर्गात चार. त्या चौघांना शाळेत ओळखायचं नाव काय? ढ. आळशी. नाटकी. २०२२ साली या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. हा सरकारच्याच गुन्हे नोंदणी विभागाचा आकडा आहे. त्या वर्षी त्यात आपला महाराष्ट्र पहिला होता. पुरोगामी महाराष्ट्र.

सरकारनं काही केलं नाही असं नाही. २१ जुलै २०२० ला, लॉकडाऊनमध्ये, केंद्रानं 'मनोदर्पण' सुरू केलं, विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांसाठी फुकट फोन. १० ऑक्टोबर २०२२ ला टेलि-मानस आलं, वीस भाषांत. फोनवर आधी समुपदेशक, गरज पडली तर पुढं डॉक्टर. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात सरकारी खर्चानं उपचार हा हक्क लिहिला आहे. हक्क, भीक नाही. आणि २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टानं, विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या खटल्यात, सगळ्या शिक्षणसंस्थांना बंधनं घातली. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं निदान एक शिकलेला समुपदेशक नेमा. टेलि-मानसचा नंबर वर्गात, वसतिगृहात मोठ्या अक्षरात लावा. मुलांना चारचौघांत अपमानित करू नका. मागासवर्गातून आलेल्या मुलांशी भेद न करता वागायचं शिक्षण मास्तरांना द्या.

आता तुम्ही पोरांनी मला सांगा. किती जणांच्या शाळेत तो नंबर भिंतीवर आहे? हात वर करा.

(दोन हात वर आले.)

बास. दोन. हे लिहून ठेवा, आपल्याला लागणार आहे.

कुणी म्हणेल, हे सगळं परदेशी खूळ आहे. परदेशाचंही ऐका. २०२३ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस काउंटीनं सरकारी शाळांतल्या सुमारे १३ लाख मुलांसाठी व्हिडिओवरून फुकट थेरपीची योजना काढली. त्याच वर्षी न्यूयॉर्क शहरानं १३ ते १७ वयाच्या पोरांसाठी काढली. दोन्हीकडं काम खासगी कंपनीला. २०२४ साली न्यूयॉर्कात पालकांच्या आणि नागरी हक्कांच्या संघटनांनी प्रश्न विचारला की पोरं जे मनातलं टाइप करतात, त्याची माहिती कुठं जाते? त्यांनी योजना जाळून टाका असं म्हणलं नाही. त्यांनी हिशोब मागितला. फुकट मिळालं म्हणून गप्प बसायचं नसतं, हा धडा घ्यायचा.

आणि त्याच अमेरिकेत, १९६९ च्या जानेवारीत, ओकलंडच्या एका चर्चमध्ये ब्लॅक पँथरच्या पोरांनी शाळेत जाणाऱ्या मुलांना सकाळचा फुकट नाश्ता द्यायला सुरुवात केली. पुढं फुकट दवाखाने काढले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनं नाव तिथूनच घेतलं. जिच्या नावानं आपण छाती काढतो, त्या चळवळीनं "भूक हे चोचले" असं म्हणलं नव्हतं. उपाशी पोर वर्गात शिकू शकत नाही, एवढं साधं तिला कळत होतं. भ्यालेलं पोरही शिकू शकत नाही. एवढंच मी म्हणतोय.

अजून एक माणूस. फ्रान्झ फॅनन. मार्टिनिक बेटावरचा काळा माणूस, मनाचा डॉक्टर. १९५३ साली अल्जेरियात ब्लिदाच्या इस्पितळात गेला. तिथं त्यानं काय बघितलं? ज्यांच्यावर राज्य चाललंय ते वेडे होऊन येतात, आणि बरं करून त्यांना परत त्याच राजवटीत सोडायचं. १९५६ साली त्यानं राजीनामा दिला. त्यात त्याच्या म्हणण्याचा मतलब असा होता की माणसाला आपल्याच जगात परकं वाटू नये हे माझ्या विद्येचं काम, पण इथं अरबाला त्याच्याच देशात परकं करून ठेवलंय. पण लक्षात घ्या, त्यानं डॉक्टरकी सोडली नाही. ट्युनिसला गेला, स्वातंत्र्यलढ्यात उतरला, आणि तिथंही रोग्यांना तपासत राहिला. दोन्ही हातांनी दोन्ही कामं. मला हा माणूस आवडतो तो एवढ्यासाठी.

आपल्याकडं बघा. रोहित वेमुला, १७ जानेवारी २०१६, हैदराबाद. डॉक्टर पायल तडवी, २२ मे २०१९, मुंबई. या दोघांच्या आया, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, २०१९ साली सुप्रीम कोर्टात गेल्या. काय मागितलं त्यांनी? आमच्या पोरांना श्वास घ्यायला शिकवा, असं मागितलं का? नाही. त्यांनी मागितलं की शिक्षणसंस्थांत जातीवरून होणारा छळ थांबवायचे नियम खरोखर चालवा. त्या आयांनी वायर दाखवली.

म्हणून माझं म्हणणं एका वाक्यात. फुकटचा फोन घ्यायचा, हक्क म्हणून घ्यायचा, पण शाळेला त्या फोनच्या आड लपू द्यायचं नाही.

आपल्या मागण्या काय? पाचच आहेत, लिहून घ्या.

एक. खोली. प्रत्येक शाळेत दार लावता येईल अशी एक खोली, आणि त्यात शाळेचा फोन किंवा टॅब. शाळेच्याच वेळात. ज्याच्या घरात जागा नाही, त्याला "घरबसल्या" म्हणणं ही थट्टा आहे. पोरींचं तर विचारूच नका. घरात फोन एक, तो भावाचा नाहीतर बापाचा. तिनं कुणाबद्दल कुठं बोलायचं?

दोन. भाषा. पोरगं ज्या भाषेत रडतं, त्या भाषेत ऐकणारा माणूस. फॉर्मही त्याच भाषेत.

तीन. गुप्तता. पोरगं जे बोललं ते मास्तरांच्या कानावर जाता कामा नये. २०१७ च्या कायद्यानं हा रोग्याचा हक्क आहे. जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा जीव आधी. ती अट पोराला पहिल्याच दिवशी सांगायची.

चार. माणूस. फोन आहे म्हणून समुपदेशकाची जागा रिकामी ठेवायची नाही. कोर्टानं सांगितलाय तो माणूस शाळेत दिसला पाहिजे. आणि ज्याला जात कळत नाही, त्याला आपल्या पोराचं दुखणं अर्धंच कळेल. म्हणून आपल्यातल्या पोरापोरींनी हे शास्त्र शिकलं पाहिजे. सगळे कलेक्टर होऊ नका. दोघं-चौघं मनाचे डॉक्टरही व्हा.

पाच. वायर. एकाच शाळेतली पाच पोरं जर तीच गोष्ट सांगत असतील, तर पोरांची नावं झाकून ती गोष्ट वर गेली पाहिजे, आणि जिथं जाईल तिथं पालक बसलेले पाहिजेत. नाहीतर पोरं फोनवर रडत राहतील आणि मास्तर यादी वाचत राहतील.

हे मोर्चाचं झालं. आता घरातलं.

पोरांनो, १४४१६ आत्ता फोनमध्ये घाला. मी थांबतो. घाला. दोस्त जर म्हणला, "मी नसलेलाच बरा", तर हसू नका, "वेडा आहेस का" म्हणू नका, आणि गुपित म्हणून पोटात ठेवू नका. त्याला एकटं सोडू नका. शेजारी बसा, नंबर लावून द्या, मोठ्या माणसाला सांगा. आत्ता जिवाचं काही होईल असं वाटलं तर ११२ लावा.

आईबापांनो, आणि माझ्यासारख्या दादांनो, हात आवरा. शाळा बुडवणारं पोरगं दरवेळी उनाड नसतं. कधीकधी ते खाडीवर बसून स्वतःला धरून ठेवत असतं. मी माझ्या भावाला मारलं तेव्हा मी त्या सरांचंच उरलेलं काम करत होतो. हे मला उशिरा कळलं. तुम्हाला वेळेत कळावं म्हणून आज कविता सोडून उभा राहिलो.

येत्या सोमवारी आम्ही काही जण त्या दोन हातांच्या आकड्याचा कागद घेऊन वस्तीतल्या सगळ्या शाळांत जाणार आहोत. लेखी मागणार, पोच घेणार. ज्याला यायचंय त्यानं सकाळी साडेआठला विहाराच्या पायरीवर यावं. माझी पाळी रात्रीची आहे. भाऊ पण येतोय.

जयभीम.